शनिवारी युनिव्हर्सिटीचा ओपन डे, रविवारी आल्डीची खरेदी : ब्रिटनमधल्या घरांत या दोन गप्पा एकत्र का होतात?

"शनिवारी लीड्सला जायचं की शेफील्डला?"

"एका दिवसात दोन्ही होणार नाही. लीड्स करू, शेफील्ड पुढच्या आठवड्यात."

"चालेल. येताना लिडलमध्ये थांबू, दूध आणि अंडी संपलीयत."

"आणि त्यांचे क्रोसाँ पण!"

ज्या घरात सतरा वर्षांचं मूल आहे, अशा ब्रिटनमधल्या कुठल्याही घरात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोकावलं तर साधारण अशाच गप्पा ऐकू येतात. जेवणाच्या टेबलावर, गाडीत, फॅमिली ग्रुपवर. एक वाक्य युनिव्हर्सिटीचं, पुढचं वाक्य किराणा मालाचं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, एकीकडे मुलाचं करिअर आणि दुसरीकडे दुधाची पिशवी. यांचा एकमेकांशी काय संबंध?

तर संबंध आहे. आणि चांगलाच आहे. कारण तिथे मूल कुठल्या शहरात शिकायला जाणार हे बऱ्याचदा कॉलेजच्या फीवरून ठरत नाही. ते ठरतं राहण्या-खाण्याच्या खर्चावरून. आणि त्या खर्चातला मोठा वाटा घरच्या आठवड्याच्या खरेदीतूनच वाचवावा लागतो.

हे गणित नेमकं काय आहे, ते नीट समजून घेऊ.

ओपन डे म्हणजे काय?

ओपन डे म्हणजे युनिव्हर्सिटीनं भावी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना दिलेलं घरचं आमंत्रण. ठरलेल्या दिवशी, बहुतेक वेळा शनिवारी, अख्खा कॅम्पस बघायला खुला असतो. आधी ऑनलाइन नाव नोंदवायचं, मग सकाळी तिथे पोचायचं.

गेटपाशीच रंगीत टी-शर्ट घातलेली मुलंमुली उभी असतात. हे 'स्टुडंट अ‍ॅम्बॅसेडर', म्हणजे तिथेच शिकणारे विद्यार्थी. या कामाचे त्यांना साधारणपणे पैसे मिळतात. ते नकाशा देतात, रस्ता दाखवतात, प्रश्नांची उत्तरं देतात. सोबत एक कापडी पिशवी, पेन आणि जाडजूड माहितीपुस्तिका.

मग दिवसभर कार्यक्रम चालू. ज्या विषयाला प्रवेश घ्यायचा आहे, त्या विभागाच्या प्राध्यापकांचं व्याख्यान. लॅब, लायब्ररी, खेळाची मैदानं. हॉस्टेलच्या खोल्या, ज्यांना तिथे 'हॉल्स' म्हणतात. आणि एक कार्यक्रम असा, जिथे मुलांपेक्षा पालकांची गर्दी जास्त असते : स्टुडंट फायनान्सचं सत्र. म्हणजे पैसे कुठून येणार, किती येणार आणि परत कधी करायचे, याची माहिती.

ओपन डेचे दोन मुख्य हंगाम असतात. एक जून-जुलैमध्ये, दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. याशिवाय ज्या मुलांना प्रवेशाची ऑफर मिळते, त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास वेगळे दिवस ठेवलेले असतात.

एवढी घाई कशाला? परीक्षा तर मे महिन्यात असते!

आपल्याकडे आधी बारावीचा निकाल लागतो, मग प्रवेशाची धावपळ सुरू होते. ब्रिटनमध्ये उलटं आहे. तिथे आधी अर्ज, मग ऑफर, मग परीक्षा आणि शेवटी निकाल.

अर्ज करण्यासाठी 'यूकॅस' नावाची एक मध्यवर्ती संस्था आहे. १९९३ मध्ये दोन जुन्या व्यवस्था एकत्र करून ती सुरू झाली. तिच्यामार्फत एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त ५ कोर्सना अर्ज करता येतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज, तसंच मेडिकल, डेंटल आणि पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. बाकी बहुतेक कोर्ससाठी जानेवारी.

शाळेतले शिक्षक त्या मुलाला 'ए लेव्हल' परीक्षेत किती ग्रेड मिळतील याचा अंदाज देतात. त्या अंदाजावर युनिव्हर्सिटी ऑफर देते, की 'एवढे ग्रेड आणलेस तर जागा तुझी'. मिळालेल्या ऑफर्समधून मुलानं एक पहिली पसंती आणि एक राखीव पसंती ठेवायची. मे-जूनमध्ये परीक्षा, ऑगस्टच्या मध्याला निकाल. ग्रेड कमी पडले किंवा मन बदललं, तर उरलेल्या जागांसाठी 'क्लिअरिंग' नावाची फेरी असते.

म्हणजे निकाल हातात नसताना, सतराव्या वर्षी, ५ नावं निवडायची असतात. त्यामुळे ओपन डे ही सहल उरत नाही, ती निवडीची खरी वेळ असते.

युनिव्हर्सिटी एवढा थाट का करतात?

याचं उत्तर पैशांत आहे.

इंग्लंडमध्ये १९९८ पर्यंत तिथल्या विद्यार्थ्यांना पदवीची ट्यूशन फी भरावी लागत नव्हती. १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी आली. २००६ मध्ये ती मर्यादा ३,००० झाली. २०१२ मध्ये थेट ९,०००. २०१७ मध्ये ९,२५० आणि २०२५-२६ या वर्षासाठी ९,५३५ पौंड. एका पौंडाला शंभराच्या वर रुपये मोजावे लागतात, यावरून अंदाज येईल.

त्यात २०१५ मध्ये आणखी एक मोठा बदल झाला. एका युनिव्हर्सिटीनं देशातले किती विद्यार्थी घ्यायचे, यावरची मर्यादा इंग्लंडमध्ये उठवली गेली. झालं! आता प्रत्येक जास्तीचा विद्यार्थी म्हणजे जास्तीचं उत्पन्न. युनिव्हर्सिटी एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या आणि ओपन डेचं महत्त्व वाढत गेलं. कापडी पिशव्या आणि मोफत कॉफी उगाच मिळत नाही.

(फी आणि कर्जाचे इथले सगळे आकडे इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडमधल्या मुलांनी स्कॉटलंडमध्येच पहिली पदवी घेतली, तर त्यांची फी सरकार भरतं. वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियमही वेगळे आहेत.)

मग एवढी फी भरतं कोण?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

इंग्लंडमधल्या बहुतेक विद्यार्थ्यांना फी खिशातून भरावी लागत नाही. सरकारी 'ट्यूशन फी लोन' मिळतं आणि ते पैसे थेट युनिव्हर्सिटीला जातात. पालकांचं उत्पन्न कितीही असो, हे कर्ज मिळतं.

परतफेडीची पद्धतही आपल्या नेहमीच्या कर्जापेक्षा वेगळी आहे. ऑगस्ट २०२३ नंतर कोर्स सुरू केलेल्यांचा नियम असा : शिक्षणानंतर वर्षाची कमाई २५,००० पौंडांच्या वर गेली, तरच हप्ता. तोही वरच्या रकमेच्या ९ टक्के. म्हणजे कमाई ३०,००० असेल, तर वरच्या ५,००० वर ९ टक्के, वर्षाला ४५० पौंड. कमाई कमी झाली तर हप्ता कमी, नोकरी गेली तर हप्ता बंद. ४० वर्षांनी जे काही उरलं असेल ते माफ.

कर्ज आहेच आणि त्यावर व्याजही लागतं. पण प्रवेशाच्या दिवशी बापाला एफडी मोडावी लागत नाही. बहुतेक युनिव्हर्सिटी मिळेल तेवढी कमाल फी घेतात, त्यामुळे फीवरून दोन ठिकाणांची तुलना करण्यातही फार अर्थ नसतो.

मग घरात चिंता कसली असते?

खरी अडचण : राहायचं कसं, खायचं काय?

फीसोबत दुसरं एक कर्ज मिळतं, 'मेंटेनन्स लोन'. भाडं, जेवण, प्रवास, पुस्तकं या सगळ्यासाठी. पण हे सगळ्यांना सारखं मिळत नाही. पालकांच्या उत्पन्नावरून ते ठरतं.

२०२५-२६ चे कमाल आकडे असे :

- आईवडिलांकडे राहून शिकणाऱ्यांना वर्षाला ८,८७७ पौंड
- घराबाहेर, पण लंडनच्या बाहेर राहणाऱ्यांना १०,५४४ पौंड
- घराबाहेर आणि लंडनमध्ये राहणाऱ्यांना १३,७६२ पौंड

हे पूर्ण पैसे कोणाला? ज्यांच्या घराचं वार्षिक उत्पन्न २५,००० पौंड किंवा त्याहून कमी आहे त्यांना. उत्पन्न जसं वाढेल तसं कर्ज कमी होत जातं. लंडनबाहेर राहणाऱ्या, चांगल्या कमाईच्या घरातल्या मुलाला किमान रक्कम मिळते, ४,९१५ पौंड.

आता गंमत बघा. ही २५,००० ची मर्यादा २००८ पासून बदललेलीच नाही. मधल्या काळात पगार वाढले, महागाई वाढली, मर्यादा तिथेच. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षांवरच्या कामगारांसाठी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. आठवड्याला ४० तास या दरानं वर्षभर काम केलं, तर २५,३९७ पौंड होतात. म्हणजे आईबाबांपैकी फक्त एकजण कामाला जातो, तोही किमान वेतनावर, तरी ते घर पूर्ण कर्जाच्या मर्यादेबाहेर जातं!

लंडनबाहेरचं कमाल आणि किमान कर्ज यांत फरक आहे ५,६२९ पौंडांचा. महिन्याला साधारण ४७०. तीन वर्षांच्या पदवीला १६,८८७. सरकारचा हिशोब असा, की ही तफावत पालक भरून काढतील. पण कर्ज मंजुरीच्या पत्रात 'तुम्हाला एवढे पैसे द्यावे लागतील' असं पालकांना सरळ सांगितलं जात नाही, अशी जुनी तक्रार आहे. पैशांच्या बाबतीत ब्रिटनमधले लोक ज्यांचं ऐकतात, ते 'मनी सेव्हिंग एक्स्पर्ट' या वेबसाइटचे संस्थापक मार्टिन लुईस यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे.

पूर्वी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना परत न करायचं अनुदानही मिळायचं. २०१६ पासून इंग्लंडमध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद झालं आणि त्याची जागाही कर्जानं घेतली.

थोडक्यात, मधल्या उत्पन्नाच्या घराची कोंडी होते. पूर्ण कर्ज मिळण्याइतकं ते गरीब नसतं आणि महिन्याला चार-पाचशे पौंड सहज काढून देण्याइतकं श्रीमंतही नसतं. मग पैसे वाचवायचे कुठून? घराचा हप्ता ठरलेला. विजेचं बिल ठरलेलं. हात घालता येतो ते एकाच ठिकाणी, किराण्याच्या ट्रॉलीत.

इथे एन्ट्री होते आल्डी आणि लिडलची

आल्डी ही मूळची जर्मन कंपनी. एसेन शहरात १९१३ मध्ये आन्ना आल्ब्रेख्त यांनी एक छोटं किराणा दुकान काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या त्यांच्या दोन मुलांनी ते हातात घेतलं. भावांचं धोरण साधं होतं. माल थोडाच ठेवायचा, सजावट करायची नाही आणि भाव पाडायचे. 'आल्ब्रेख्त' आणि 'डिस्काउंट' या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांतून 'आल्डी' हे नाव आलं.

पुढे दुकानात सिगारेट विकायची की नाही यावरून दोघा भावांचं बिनसलं, असं सांगितलं जातं. १९६० च्या सुमारास धंद्याची वाटणी झाली. एकाकडे उत्तर, दुसऱ्याकडे दक्षिण. त्यातली दक्षिणेची कंपनी १९९० मध्ये ब्रिटनमध्ये आली. दुसरी जर्मन साखळी लिडल १९९४ मध्ये आली.

सुरुवातीला ब्रिटिशांनी नाकं मुरडली. ओळखीचे ब्रँड नाहीत, माल खोक्यातच ठेवलेला. आल्डीची पिशवी घेऊन जाताना शेजाऱ्यांनी बघितलं तर काय म्हणतील, अशीही भीती असायची. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर चित्र बदलत गेलं. आणि २०२२-२३ मध्ये महागाईनं उरलासुरला संकोच संपवला. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमधली खाद्यपदार्थांची महागाई १९ टक्क्यांच्या वर गेली. ४५ वर्षांत असं झालं नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये आल्डीनं मॉरिसन्सला मागे टाकलं आणि टेस्को, सेन्सबरीज, अ‍ॅस्डा यांच्यानंतर देशातलं चौथं मोठं सुपरमार्केट होण्याचा मान मिळवला.

पण हे लोक स्वस्तात विकतात कसे?

डीमार्टमध्ये जाणाऱ्याला यातल्या काही गोष्टी ओळखीच्या वाटतील.

पहिली गोष्ट, कमी माल. आल्डीच्या दुकानात साधारण २,००० वस्तू असतात. मोठ्या टेस्कोत याच्या कितीतरी पट. टोमॅटो केचपचे दहा प्रकार ठेवण्याऐवजी एक-दोनच ठेवायचे. त्यामुळे त्या एका प्रकाराची खरेदी प्रचंड होते आणि पुरवठादाराकडून भाव पाडून घेता येतो.

दुसरी, स्वतःचे ब्रँड. बहुतेक माल कंपनीच्याच नावानं बनवून घेतलेला असतो. जाहिरातीचा आणि मोठ्या ब्रँडचा खर्च किमतीत धरला जात नाही.

तिसरी, कमी माणसं. माल ज्या खोक्यातून येतो त्याच खोक्यासकट फळीवर जातो. ट्रॉली काढायला एक पौंडाचं नाणं अडकवावं लागतं. नाणं परत हवं असेल तर ट्रॉली तुम्हीच जागेवर नेऊन लावता. ट्रॉल्या गोळा करायला वेगळा माणूस लागत नाही.

चौथी, काउंटरचा वेग. पाकिटांवर एकापेक्षा जास्त ठिकाणी बारकोड छापलेला असतो, म्हणजे कॅशियरला वस्तू फिरवत बसावं लागत नाही. तो एवढ्या झपाट्यानं सामान पुढे सरकवतो, की गिऱ्हाईकाची तारांबळ उडते. सामान परत ट्रॉलीत टाकायचं आणि बाजूच्या फळीवर निवांत पिशव्या भरायच्या. आल्डीच्या काउंटरवर उडालेली धांदल हा ब्रिटनमध्ये मीम्सचा हक्काचा विषय आहे.

मीम्सवरून आठवलं पाहिजे असं एक प्रकरण म्हणजे सुरवंटाचा केक. मार्क्स अँड स्पेन्सरचा 'कॉलिन' नावाचा सुरवंटाच्या आकाराचा केक प्रसिद्ध आहे. आल्डीनं तसाच 'कथबर्ट' विकायला ठेवला. एप्रिल २०२१ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरनं कायदेशीर कारवाई सुरू केली. आल्डीनं सोशल मीडियावर 'फ्री कथबर्ट' मोहीम काढून सगळ्यांना हसवलं. २०२२ मध्ये दोघांत तडजोड झाली. फुकटात झालेली जाहिरात वेगळीच!

मोठ्या दुकानांनाही मग हलावं लागलं. टेस्कोनं २०२० मध्ये काही वस्तूंचे भाव आल्डीएवढे ठेवण्याची योजना आणली. पुढच्या वर्षी सेन्सबरीजनंही तेच केलं. त्यामुळे फॅमिली ग्रुपवर 'आल्डीत जायचं की टेस्कोच्या क्लबकार्डवर घ्यायचं' हा वाद रंगतो. त्यात रविवारी खरेदीला जायचं तर वेळ सांभाळावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी फक्त ६ तास उघडी ठेवता येतात. शनिवार ओपन डेला गेला, की रविवारी चारच्या आत सुपरमार्केट गाठायची घाई त्यामुळेच असते.

ओपन डेला हुशार पालक काय बघतात?

मूल विभागप्रमुखांचं भाषण ऐकत असतं तेव्हा आईबाबांच्या डोक्यात दुसरी यादी चालू असते. आणि ती यादी महत्त्वाची आहे.

स्वयंपाकघर बघा. हॉल्स दोन प्रकारचे असतात. जेवणासकट आणि स्वतः करून खायचं ते. दुसऱ्या प्रकारात बऱ्याच मुलांमध्ये मिळून एक स्वयंपाकघर असतं. किती मुलांमध्ये एक फ्रीज, फ्रीझरमध्ये किती जागा, कपाटाला कुलूप आहे का, हे विचारायला लाजू नये. फ्रीझरमध्ये जागाच नसेल तर स्वस्तातलं मोठं पाकीट घेऊन करणार काय?

जवळचं स्वस्त सुपरमार्केट शोधा. कॅम्पसमधलं किंवा स्टेशनजवळचं छोटं दुकान सोयीचं असतं, पण तिथे त्याच कंपनीच्या मोठ्या दुकानापेक्षा भाव चढे असू शकतात. आल्डी किंवा लिडल चालत जाण्याच्या अंतरावर आहे की बसचं भाडं भरावं लागेल, हे नकाशावर दोन मिनिटांत कळतं. शक्य असेल तर ओपन डेच्या दिवशीच तिथे चक्कर मारावी.

भाडं वर्षाचं विचारा. आठवड्याचं भाडं फसवं असतं. एका हॉलचा करार साधारण ४० आठवड्यांचा, दुसऱ्याचा ५१ आठवड्यांचा असू शकतो. आठवडा गुणिले भाडं असा पूर्ण आकडा काढावा आणि तो आपल्याला मिळणाऱ्या मेंटेनन्स लोनशेजारी लिहावा. किमान कर्ज मिळणार असेल, तर अनेक शहरांत ते भाड्यालाच पुरत नाही हे तिथेच लक्षात येतं. आणि हे निवडीच्या आधी लक्षात येणं कधीही चांगलं.

प्रवासखर्चाची मदत विचारा. १६-१७ वर्षांच्या मुलांसाठी रेल्वेचं एक सवलत कार्ड आहे, त्यावर बहुतेक तिकिटं निम्म्या दरात मिळतात. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना काही युनिव्हर्सिटी ओपन डेचा प्रवासखर्च परत देतात. पण तो मागावा लागतो.

आणि घरी आल्यावर मुलाला सोबत घेऊन खरेदीला जा. फळीवरच्या मोठ्या किमतीखाली बारीक अक्षरांत किलोमागे किंवा शंभर ग्रॅममागे किती, हे लिहिलेलं असतं. तेच वाचायचं. संध्याकाळी पिवळं स्टिकर लावलेला माल, म्हणजे त्या दिवशी मुदत संपणारा, बराच स्वस्त होतो. पुढच्या वर्षी एकट्यानं राहायचंय, तर ही शिकवणी आत्तापासून सुरू केलेली बरी.

आणि मराठी घरांचं काय?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या सगळ्यात एक कळीचा मुद्दा आहे. तो म्हणजे 'फी स्टेटस'.

आयटी किंवा हॉस्पिटलमधल्या नोकरीमुळे आईबाबा वर्क व्हिसावर तिथे गेले, मूल तिथल्याच शाळेत शिकलं, ए लेव्हलही तिथेच दिली. तरी युनिव्हर्सिटीच्या लेखी ते 'घरचं' विद्यार्थी असेलच असं नाही. साधारण नियम असा, की कोर्स सुरू होण्याआधी देशात कायम राहण्याची परवानगी हवी आणि त्याआधीची ३ वर्षं तिथे वास्तव्य हवं. काही अपवाद आहेत, पण ते सगळ्यांना लागू होत नाहीत. 'परदेशी' विद्यार्थी ठरलं तर फीवर सरकारी मर्यादा नाही आणि साधारणपणे वरची दोन्ही कर्जंही नाहीत. म्हणजे कुटुंबाची पूर्ण उलथापालथ. त्यामुळे अशा घरांनी ओपन डेला सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा आणि उत्तर लेखी घ्यायला हवं.

दुसरी वाट म्हणजे घरी राहून शिकणं. भारतीय वंशाच्या घरांत ती नवी नाही. कर्जाची कमाल मर्यादा कमी होते, पण हॉलचं भाडं वाचतं आणि डब्यात पोळीभाजी मिळते. मात्र रोजच्या ट्रेनचा खर्च आणि वेळ त्यातून वजा करावा लागतो.

आणि पुण्या-नाशिकहून थेट शिकायला जाणाऱ्यांचं काय? त्यांना ओपन डेला प्रत्यक्ष जाता येत नाही, पण बऱ्याच युनिव्हर्सिटी ऑनलाइन ओपन डे घेतात आणि तिथे वरचे सगळे प्रश्न विचारता येतात. स्टुडंट व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून हा आकडा लंडनमध्ये महिन्याला १,५२९ आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे, जास्तीत जास्त ९ महिन्यांसाठी. लंडनबाहेरचे ९ महिने म्हणजे १०,५३९ पौंड.

हा आकडा कुठे बघितल्यासारखा वाटतोय? बरोबर. लंडनबाहेरच्या कमाल मेंटेनन्स लोनशी तो जवळपास जुळतो. म्हणजे ब्रिटिश सरकारच्याच हिशोबानं विद्यार्थ्याला जगायला साधारण एवढे लागतात. मग ज्या घराला त्याच्या निम्म्याहून कमी कर्ज मिळतं, त्यांनी उरलेले आणायचे कुठून, हा प्रश्न टेबलावर राहतोच.

तर मुद्दा असा की...

'लीड्स की शेफील्ड' आणि 'आल्डी की टेस्को' हे दोन वेगळे विषय नाहीत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे. घरात पैशांबद्दल मोकळेपणानं बोलायची सवय नसेल, तर सतरा वर्षांचं मूल फक्त कॅम्पसची हिरवळ बघून निवड करतं आणि तफावत पहिल्या सत्राच्या मध्यावर कळते. तोवर हॉलच्या करारावर सही झालेली असते.

म्हणून ओपन डेहून परतताना गाडीत ज्या गप्पा होतात, त्या महत्त्वाच्या. कोर्स कसा वाटला, प्राध्यापक कसे होते, हे बोलून झालं की आईबाबांनी सरळ सांगावं, 'आपल्याला कर्ज एवढं मिळेल, आम्ही महिन्याला एवढे देऊ शकतो, बाकीचं तुला बघावं लागेल.' मुलानंही स्वतःचा हिशोब मांडावा.

हे बोलणं सोपं नसतं. पण तेवढ्यात लिडल येतंच. दूध, अंडी घ्यायची असतात. आणि क्रोसाँ.